चतुष्पादातील तिसरा पाद

संशोधनाचा विषय निघाला की आपल्या संमेलनांच्या व्यासपीठावर सर्पगंधेचे नाव हमखास घेतले जाते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहून सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवून दिले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले, हे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान रास्तच आहे. परंतु त्याआधी अठरा वर्षे, १९३१ साली, कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी हाच गुण लिहून प्रसिद्ध केला होता, याचा उल्लेख त्या व्यासपीठावर क्वचितच होतो. मग जगाने १९३१ साली कान का दिला नाही आणि १९४९ साली का दिला? कारणे अनेक असतील. त्यातले एक मात्र डोळ्यांत भरण्यासारखे आहे. वकिलांनी पन्नास रुग्णांचे औषधापूर्वीचे व औषध चालू असतानाचे रक्तदाब आकड्यांत मांडले होते. रक्तदाबमापक हे उपकरण १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी सिद्ध केले आणि १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी त्याला श्रवणनलिकेची जोड दिली. तेव्हा सर्पगंधेच्या कीर्तीत मुळी आपली असली तरी मोजण्याचे साधन दुसऱ्याचे आणि नोंदवहीची शिस्तही दुसऱ्याचीच, हे मान्य केले पाहिजे.

आम्हांस या लेखात जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की वैद्यकातील संशोधन हे एकट्या वैद्याचे काम कधीच नव्हते व आजही नाही. त्यात रुग्णाजवळ अहोरात्र असणारा परिचारक लागतो आणि मोजण्याचे साधन घडवणारा कारागीर, म्हणजे आजच्या भाषेत अभियंता, लागतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले, ते आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. सुश्रुताचार्यांनी एकशे एक यंत्रे व वीस शस्त्रे मोजून सांगितली. म्हणजे परिचारक आणि यंत्र या दोहोंना आपल्या शास्त्रात मानाचे पान आहे. आपल्या संशोधनात ते आहे काय? आपले शोधप्रबंध चाळून पाहावेत. भिषक् व द्रव्य यांविषयी शेकडो पाने सापडतील. उपस्थात्याविषयी शेवटच्या पानावर आभाराची एखादी ओळ असते, आणि तीही नेहमी असतेच असे नाही.

हा पाद किती मोलाचा असू शकतो याचे उदाहरण आम्ही मुद्दाम दूरच्या देशातले देत आहोत, कारण रोग मात्र आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे नवजात बालकाची कामला.

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथे एक सामान्य रुग्णालय होते. १९५६ साली तेथील अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या कक्षाची प्रमुख परिचारिका होती सिस्टर जीन वॉर्ड. मोकळी हवा व कोवळे ऊन बालकांना मानवते अशी तिची श्रद्धा होती, आणि उबदार दिवशी ती नाजूक बालकांचे पाळणे अंगणात नेऊन ठेवीत असे. एका फेरीच्या वेळी तिने काहीशा संकोचानेच एक उघडे बालक डॉ. डॉब्ज यांना दाखवले. सर्व अंग फिकट दिसत होते, परंतु एका ठिकाणी त्रिकोणी आकाराचा भाग ठळक पिवळा होता. डॉक्टरांना प्रथम वाटले की तेथे काही औषध लावले असावे, नंतर उन्हाचा उल्लेख होताच वाटले की कातडी रापली असावी. सिस्टरने सांगितले की तसे नाही. मूल कामलेने पिवळेच होते, चादरीचा कोपरा जेथे पडला होता तेथे पिवळेपणा राहिला आणि ऊन लागले तेवढे अंग उतरले.

येथे क्षणभर थांबावे. त्या कक्षातील त्या तासाला वैद्य, पुस्तके, प्रयोगशाळा, सर्व काही उपलब्ध होते. दिसले ते एका परिचारिकेला. तिला ते दिसले याचे कारण तिने त्या बालकाला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उचलले होते, पुसले होते, कुशीवर वळवले होते. आणि तिने नुसते पाहिले नाही, तर अनुमानही केले. डाग कशामुळे पडला असे सर्वांना वाटत असताना, डाग पडलेलाच नाही, उरलेले अंग पालटले आहे, असे उलट्या बाजूने तिने पाहिले. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही युक्ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही गोष्ट तेथेच विरून गेली असती. काही आठवड्यांनी एका कामलाग्रस्त बालकाच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत खिडकीजवळ उन्हात राहून गेला. त्यातील बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले, आणि ताजा नमुना तपासला तेव्हा आकडा पुन्हा वर गेला. अशा वेळी बहुतेक प्रयोगशाळांत काय होते ते आपण जाणतो. ‘चूक झाली’ असे म्हणून पहिला आकडा खोडून टाकतात. येथे जीवरसायनतज्ज्ञ पेरीमन यांनी व तरुण डॉक्टर क्रेमर यांनी तो खोडला नाही. सिस्टरचा त्रिकोण आणि खिडकीतली नळी ही दोन टोके जुळली. त्यांनी निरनिराळ्या प्रकाशात द्रव ठेवून पाहिले, निळ्या प्रकाशाचा परिणाम अधिक आढळला, आणि निळसर प्रकाशाच्या विद्युत्‌नळ्या बसवलेले एक उपकरण पाळण्यासाठी बनवून घेतले. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्या काळी तीव्र कामलेत बालकाचा मेंदू वाचवण्याचा मुख्य उपाय म्हणजे सगळे रक्त बदलणे हा होता, आणि तो स्वतःच जोखमीचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या लेखाचे मोल कळते.

लॅन्सेटमधील त्या लेखाच्या लेखकांत सिस्टर वॉर्डचे नाव नव्हते. तिची हकीकत डॉ. डॉब्ज यांनी क्रेमर यांच्यासह पुढे १९७५ साली लिहिली म्हणून आपल्याला ठाऊक आहे. ती लिहिली नसती तर शोध उरला असता आणि शोधणारी गेली असती.

पुढचा भाग अभियंत्यांचा आहे, आणि तो कमी रंजक असला तरी आमच्या मते अधिक शिकवणारा आहे. प्रकाशाने कामला उतरते एवढे कळून भागत नाही. कोणता प्रकाश? किती अंतरावरून? किती अंगावर? किती वेळ? अमेरिकेत १९६८ साली लूसी व सहकाऱ्यांनी रीतसर तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध करीपर्यंत तेथील बहुतेक डॉक्टर या उपायाकडे साशंक नजरेनेच पाहत होते. पुढे प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार पालटतो व तो यकृताच्या नेहमीच्या संस्काराखेरीज पित्तावाटे बाहेर पडू शकतो, हे रसायनशास्त्रज्ञांनी उलगडले. उपयुक्त प्रकाश सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, हे ठरले. मग लक्षात आले की नळी जुनी झाली की तिचा उपयुक्त प्रकाश घटतो, परंतु डोळ्याला ती पूर्वीइतकीच निळी दिसते! म्हणजे ‘दिव्याखाली ठेवले’ असे कागदोपत्री लिहिलेले बालक प्रत्यक्षात उपचाराविना पडून असण्याची शक्यता होती. यासाठी प्रकाशाची तीव्रता मोजणारे मापक आले आणि तीव्र उपचारासाठी किमान आकडा ठरला. त्यानंतर निळे एलईडी दिवे आले. ज्या भौतिकीतून ते जन्मले त्या कामाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज तालुक्याच्या गावीही प्रसूतिगृहात बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात. त्या दिव्यामागे एक परिचारिका, एक न खोडलेला आकडा आणि अभियंत्यांची दोन-तीन पिढ्यांची मेहनत आहे.

ही हकीकत आपल्या एखाद्या सभेत सांगितली की कोणीतरी उठून म्हणतो, “आमच्या आज्या बाळाला कोवळ्या उन्हात धरीतच होत्या.” धरीत होत्या हे खरे. परंतु किती पिवळ्या बाळाला, किती वेळ, आणि कोणत्या बाळाला ऊन पुरे पडणार नाही, हे कोणी नोंदले नाही. आणि ज्या बाळांना ते पुरे पडले नाही त्यांची गणतीही झाली नाही. आजही खिडकीतल्या उन्हावर विसंबून तीव्र कामलेचे बालक उशिरा रुग्णालयात पोहोचते व कायमचे अधू होते. तेव्हा ‘आमच्याकडे होतेच’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी वैद्याने जरा जपावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून झाले. आता आमचीच एक हकीकत.

काही वर्षांपूर्वी आमच्या पंचकर्म विभागात एक परिचारिका होत्या. सर्वजण त्यांना मावशी म्हणत. मात्राबस्ती देण्यात त्यांचा हात इतका हलका की रुग्ण त्यांचीच वाट पाहत थांबत. एका हिवाळ्यात त्या आम्हांस म्हणाल्या, “साहेब, सकाळच्या लोकांचा बस्ती लवकर सुटतो, दुपारच्यांचा टिकतो.” आम्ही शास्त्राधार तोंडावर फेकला. अनुवासन भोजनोत्तर द्यावयाचे असते, सकाळचे लोक उपाशी येत असतील, त्यात नवल ते काय? मावशींनी मान हलवली. “नाही साहेब, मी विचारते ना सगळ्यांना. भाकरी खाऊनच येतात. तेल गार असतं सकाळी. वाटी गरम पाण्यात ठेवते, पण वरवर कोमट होतं, आत गारच.” आम्ही हसलो व पुढच्या रुग्णाकडे वळलो.

पुढे आमच्याच एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने मात्राबस्तीच्या धारणकालावर प्रबंध घेण्याचे ठरवले, तेव्हा आम्हांस ते बोलणे आठवले. मोठ्या उत्साहाने विभागाच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. प्रत्येक पानावर एकच मजकूर होता: ‘मात्राबस्ती दिली.’ तेल कोणते याची नोंद होती. तेल किती उष्ण, बस्ती किती वाजता दिला, किती वाजता परत आला, यांपैकी काहीही नव्हते. मावशी तोवर सेवानिवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. शेकडो रुग्णांचे निरीक्षण एका बाईच्या डोक्यात होते आणि ते आम्ही तिच्याबरोबर जाऊ दिले. तेलाच्या उष्णतेचा मुद्दा खरा होता की नाही, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. सांगता येत नाही, हाच आमचा अपराध आहे. दहा-वीस रुपयांची वही, भिंतीवर घड्याळ आणि एक उष्णतामापक एवढेच त्यासाठी पुरेसे होते.

आपल्याकडे हे होऊच शकत नाही असे मात्र नाही, आणि क्षारसूत्र हा त्याचा पुरावा आहे. सुश्रुतात बीज असलेला, चक्रदत्तात कृतीसह आलेला हा उपक्रम बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून पुन्हा उभा केला. आमच्या दृष्टीने त्यातली थोर गोष्ट ही, की त्यांनी दोऱ्याला गणित दिले. शस्त्रकर्मात वापरला जाणारा लिननचा ठराविक जाडीचा दोरा. त्यावर स्नुहीक्षीराचे अकरा लेप, मग स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे सात, शेवटी स्नुहीक्षीर व हरिद्रेचे तीन, असे एकवीस. प्रत्येक लेपानंतर वाळवणे. आणि वाळवण्यासाठी खास कपाट, ज्यात उष्ण हवा व निर्जंतुक करणारा दिवा. हे कपाट म्हणजे अभियांत्रिकीच आहे, मग तिला आपण ते नाव देवो वा न देवो. दोरा बदलताना आधीच्या दोऱ्याची लांबी मोजावयाची आणि एक सेंटिमीटर मार्ग कापण्यास किती दिवस लागले ते काढावयाचे. दोरा कोणी बदलला, रुग्णास किती वेदना झाली, हे लिहावयाचे.

या शिस्तीमुळेच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला अनेक केंद्रांत मिळून ५०२ रुग्णांवर यादृच्छिक तुलनात्मक परीक्षण करता आले. १९९१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने व्रण भरून येण्यास सुमारे आठ आठवडे लागले, तर शस्त्रकर्माने चार. परंतु भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रकर्मात ११ टक्के होते. दोन्ही आकडे सांगावेत असा आमचा आग्रह आहे. आपल्या पत्रकांतून पुष्कळदा ४ व ११ एवढेच छापले जातात आणि आठ आठवड्यांचा उल्लेख गाळला जातो. रुग्णाला कामावर केव्हा जाता येईल हा प्रश्न भगंदराहून कमी महत्त्वाचा नसतो, विशेषतः त्याचे पोट रोजंदारीवर असेल तर. आणि दोन्ही आकडे सांगूनही क्षारसूत्राची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट सांगणाऱ्याची वाढते.

आमचे काही ज्येष्ठ स्नेही म्हणतात की आयुर्वेदाची चिकित्सा प्रत्येक रुग्णागणिक वेगळी असते, प्रकृती, देश, काल, बल पाहून ठरते, तिला आधुनिक परीक्षणाच्या साच्यात कसे बसवणार? ही शंका खोटी नाही. परंतु तिचे उत्तर मिळू लागले आहे. आमवाताशी मिळत्याजुळत्या संधिविकारावर कोइमतूर येथे झालेले एक परीक्षण २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात वैद्यांना प्रत्येक रुग्णासाठी हवे ते औषध योजण्याची मोकळीक होती, दुसऱ्या गटात मेथोट्रेक्सेट, तिसऱ्यात दोन्ही. कोणाला खरे काय मिळते हे ना रुग्णाला ठाऊक होते, ना चिकित्सकाला. त्यासाठी आयुर्वेदीय कल्पांची हुबेहूब दिसणारी परंतु गुणहीन प्रतिरूपे तयार करावी लागली. काढ्याचा खोटा जुळा करणे म्हणजे काय दिव्य असते ते आमच्या फार्मसीचालक वाचकांनीच कल्पनेत आणावे! तिन्ही गटांत सुधारणा सारख्याच प्रमाणात दिसली. अर्थात रुग्ण अवघे ४३ होते, त्यामुळे त्यावरून तिन्ही उपचार समान ठरले असे म्हणता येत नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की अशी परीक्षा घेता येते. साच्याची सबब पुढे करणे त्यानंतर अवघड झाले आहे.

अभियंत्यांविषयीही आपल्या मनात एक अढी आहे. यंत्र आले की वैद्याचा हात गेला, अशी ती भीती. जपानमधील उएबाबा, शू व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरोधारेचा अभ्यास करण्यासाठी तेलाची धार सोडणारा यंत्रमानव बनवला, हे वाचून आमच्यातील काहींना हसू आले होते. त्यांचे काम २००५ साली एका अभियांत्रिकी नियतकालिकात छापून आले. हसण्याऐवजी त्यांनी यंत्र का बनवले हे विचारावयास हवे होते. माणसाच्या हातून पडणाऱ्या धारेचे स्थान, वेग, उंची व तेलाची उष्णता दर वेळी थोडी बदलते. मग गुण आला तो कशाने व न आला तो कशाने, हे कळण्यास मार्ग राहत नाही. यंत्राने परिचारकाची जागा घ्यावी असे कोणी म्हणत नाही. यंत्राने आधी सांगावे की किती उष्णतेला व कोणत्या वेगाला काय होते, मग परिचारकाने ते हाताने करावे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची आयआयटी येथील संशोधकांनी २००७ साली ‘नाडी तरंगिणी’ ही नाडीचे तरंग टिपणारी प्रणाली मांडली. तिच्याबद्दलही दोन टोकांची मते ऐकू येतात. आमचे मत निराळे आहे. यंत्राला नाडी कळते का, यापेक्षा अवघड प्रश्न हा की एकाच रुग्णाची नाडी आपल्यापैकी दोघांनी परस्परांस न विचारता पाहिली तर दोघांचे उत्तर जुळेल काय? तो प्रश्न यंत्राने आपल्यापुढे ठेवला, यातच त्याचा उपयोग आहे.

आता फार्मसीचालकांसाठी. २०२० सालच्या महामारीत घराघरांत गुळवेलीचा काढा शिजू लागला. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृतास इजा झाली व त्यांपैकी काहींत स्वप्रतिकारजन्य यकृतदाहाची लक्षणे होती, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती काय याचे विश्लेषण लेखकांनी केलेले नाही, आणि गुळवेलीच्याच कुळातील दुसऱ्या जाती तिच्याऐवजी चुकून घेतल्या जातात. हा आक्षेप योग्य होता. परंतु आमच्या व्यवसायबंधूंनी तो लढाईतील ढालीसारखा वापरला आणि गोष्ट संपली असे मानले, हे आम्हांस मान्य नाही.

कारण विश्लेषण कशाचे करावयाचे? निदान एका रुग्णाने कांडे आणून घरी उकळले होते. ते कांडे कोठून आले, कोणी ओळखले, कोणत्या वेलीचे होते, हे सांगणारा कागद नव्हता. आपल्या कारखान्यात येणाऱ्या मालाची तरी अवस्था किती वेगळी आहे? औषधाच्या बाटलीवर बॅच क्रमांक छापणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तो छापलाही जातो. पण बाटली दवाखान्यात पोहोचून वैद्याच्या हातून पुडीत किंवा लहान डबीत गेली की तो क्रमांक संपतो. रुग्णाला बाधा झाली तर तीन महिन्यांनी त्याने कोणत्या बॅचची वटी घेतली हे ना वैद्य सांगू शकतो, ना औषधनिर्माता. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रम २००८ सालीच सुरू झाला आणि पुढे त्याचे समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आले. तेथे बाधेची माहिती कळवता येते. कळवावयाचे काय, हा प्रश्न मात्र बॅच क्रमांकाविना अनुत्तरित राहतो. गुळवेल निर्दोष असेल तर ते सिद्ध करण्याचे साधनही हेच आहे, हे ध्यानात घ्यावे. ज्याच्याकडे नोंद नाही त्याला आरोपही सिद्ध करता येत नाही आणि बचावही.

काही औषधनिर्माते आम्हांस म्हणाले की प्रत्येक खेपेच्या कच्च्या मालाचा नमुना राखून ठेवणे जागेच्या व खर्चाच्या दृष्टीने लहान कारखान्याला परवडत नाही. ही अडचण आम्ही नाकारीत नाही. परंतु मूठभर सुके कांडे, मूठभर मुळी, त्यावर तारीख व व्यापाऱ्याचे नाव, एका लोखंडी कपाटात दोन वर्षे: एवढ्याने आरंभ तर होईल. जवळच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शक वापरावयास मिळतो काय, हेही विचारून पाहावे. आमच्या अनुभवाने, अशा विनंतीला नकार क्वचित मिळतो, कारण तेथील विद्यार्थ्यांनाही खऱ्या नमुन्यांची वानवा असते. अभियांत्रिकी तंत्रनिकेतने तर गावोगावी आहेत. बस्तीचे तेल आतपर्यंत सारखे कोमट ठेवील असे भांडे करून द्या, असे अंतिम वर्षाच्या मुलांना सांगितले तर त्यांना प्रकल्प मिळेल व आपल्याला भांडे. आमच्या माहितीतील एका तंत्रनिकेतनाने नुकताच असा प्रकल्प मान्य केला आहे. भांडे अद्याप व्हावयाचे आहे.

याच अंकापासून आपल्या त्रैमासिकात परिचारक-परिचारिकांच्या निरीक्षणांसाठी एक पान राखून ठेवण्याचे संपादक मंडळाने ठरवले आहे. भाषा कशीही असो, निरीक्षण दोन ओळींचे असले तरी चालेल. शास्त्राधार शोधण्याचे काम आम्ही करू. पुढील अंकासोबत उपचारकक्षात टांगण्याजोग्या नोंदपत्रकाचा नमुना जोडीत आहोत. त्यात औषधाचे नाव, बॅच क्रमांक, उष्णता, दिल्याची वेळ, परिणामाची वेळ व रुग्णाचे स्वतःचे शब्द यांसाठी रकाने आहेत. शेवटचा रकाना ‘नोंद करणाऱ्याचे नाव’ असा आहे. तो वैद्यांनी स्वतःच्या नावाने भरू नये.